दोन ग्राफिक्स कार्डं की एकच दमदार? गेमिंग पीसीसाठी निर्णय कसा घ्यावा

पीसी जुना व्हायला लागला की एक विचार हमखास डोक्यात येतो. आहे त्या ग्राफिक्स कार्डाच्या जोडीला तसंच आणखी एक सेकंडहँड कार्ड बसवलं तर? नव्या मोठ्या कार्डापेक्षा स्वस्त पडेल, मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट मोकळाच आहे आणि खोक्यावर ‘क्रॉसफायर’ (दोन कार्डं जोडून चालवण्याचं तंत्र) असं ठळक छापलेलंही आहे. दुकानदारही कधीकधी ‘पुढे-मागे दुसरं कार्ड टाकता येईल’ असं सांगून महाग मदरबोर्ड गळ्यात मारतात.

उत्तर आधीच देतो. गेमचा वेग वाढावा म्हणून दुसरं कार्ड विकत घेऊ नका. असलेलं कार्ड विका, त्यात जमतील तेवढे पैसे घाला आणि एकच मोठं कार्ड घ्या. या उत्तराला काही खरे अपवाद आहेत. ज्यांच्याकडे जुनं कार्ड खोक्यात पडून आहे त्यांच्यासाठी त्यातला एक चांगलाच कामाचा आहे, तो पुढे येईलच. पण ‘घेऊ नका’ एवढं ऐकून समाधान होत नाही, कारण यूट्यूबवर दोन-दोन कार्डांचे चकाचक पीसी दिसत राहतात. म्हणून आपल्याच मशिनवर टप्प्याटप्प्याने तपासून निर्णय कसा घ्यायचा, ते सविस्तर पाहू.

पहिली पायरी: नेमकं काय कमी पडतंय ते मोजा

गेम अडखळतोय म्हणजे ग्राफिक्स कार्डच कमी पडतंय असं नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरमधून गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात चार आकडे दिसतील असं करा: जीपीयूचा (कार्डावरच्या ग्राफिक्स चिपचा) वापर टक्क्यांत, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरली, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) आणि फ्रेमटाइम. फ्रेमटाइम म्हणजे एक फ्रेम यायला लागलेले मिलिसेकंद. त्याचा आलेखच लावून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो.

आता तुमचा नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड खरोखरच पूर्ण राबतंय. तोच आकडा ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरी एफपीएस वाढत नसतील, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. मात्र एफपीएसवर मर्यादा किंवा व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) लावलेलं नाही ना, ते आधी बघा. खात्रीसाठी गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस तेवढेच राहिले तर प्रोसेसर अडवतोय, आणि मग एक सोडून चार कार्डं लावली तरी फरक पडणार नाही. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच निघतं. रॅमची एकच कांडी लावलेली असेल तर तिच्या जोडीला दुसरी लावणं हा त्याहून कितीतरी स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

तिसरी शक्यता व्हीरॅमची. कार्डाची मेमरी काठोकाठ भरली की गेम मधूनमधून झटके देतो, सरासरी एफपीएस मात्र बरे दिसतात. इथे एक गैरसमज कायमचा काढून टाका. गेमिंगमध्ये ८ जीबीची दोन कार्डं म्हणजे १६ जीबी होत नाहीत. प्रत्येक कार्डाला आपली फ्रेम स्वतः काढायची असते, त्यामुळे टेक्श्चर आणि बाकी सगळा माल दोन्हीकडे जसाच्या तसा ठेवावा लागतो. हाताशी राहतात ते ८ जीबीच.

लॅपटॉपवाल्यांसाठीही इथेच सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू ०’ आणि ‘जीपीयू १’ असे दोन दिसतात, म्हणून आपल्याकडे जोडी आहे असं अनेकांना वाटतं. त्यातला एक प्रोसेसरमधला छोटा जीपीयू असतो आणि तो साध्या कामांत बॅटरी वाचवण्यासाठी असतो. गेम मोठ्यावरच चालतो, दोघांची बेरीज होत नाही.

दुसरी पायरी: हे तंत्र कसं चालायचं आणि कुठे अडलं ते समजून घ्या

ही कल्पना मुळात वाईट नव्हती. १९९८ मध्ये ३डीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू २’ कार्डांची जोडी एकाच चित्राच्या ओळी वाटून घ्यायची. एक कार्ड सम ओळी काढायचं, दुसरं विषम. या पद्धतीला एसएलआय म्हणत. पुढे ३डीएफएक्स बुडाली, तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने घेतलं आणि २००४ मध्ये जीफोर्स ६ मालिकेबरोबर एसएलआय हेच नाव नव्या अर्थाने परत आणलं. एनव्हिडियाची स्पर्धक एटीआय हिने २००५ मध्ये क्रॉसफायर आणलं, वर्षभराने एटीआयच एएमडीच्या ताब्यात गेली. त्यानंतर दहा-बारा वर्षं हौशी गेमर्समध्ये दोन कार्डांचा दबदबा होता, आणि तो पोकळ नव्हता. ड्रायव्हरमध्ये चांगलं प्रोफाइल (त्या गेमसाठीच्या खास सेटिंग्ज) असलेल्या गेममध्ये दुसऱ्या कार्डाने ७०-८० टक्क्यांपर्यंत भर पडायची.

या काळात मुख्य पद्धत होती आळीपाळीने फ्रेम काढण्याची. पहिली फ्रेम पहिल्या कार्डाने, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. घरात दोघं पोळ्या लाटायला बसले तर काम निम्म्या वेळात होतं, कारण एका पोळीचं दुसरीशी काही देणंघेणं नसतं. जुन्या गेमच्या फ्रेम बऱ्याच अंशी तशा होत्या. आजच्या गेमच्या तशा नाहीत, आणि सगळं घोडं इथेच अडलं.

आज जवळजवळ प्रत्येक मोठा गेम आधीच्या फ्रेममधली माहिती घेऊन पुढची फ्रेम काढतो. कडा गुळगुळीत करणारं टीएए तसंच चालतं. डीएलएसएस २ आणि एफएसआर २ पासून पुढची अपस्केलिंगंही (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी तंत्रं) तशीच. अनरिअल एंजिन ५ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधलं ल्युमेन प्रकाशाचा हिशेब अनेक फ्रेमांमध्ये साठवत जातं. आता पाचवी फ्रेम दुसऱ्या कार्डावर काढायची आणि तिला हवी असलेली चौथी फ्रेम पहिल्या कार्डाच्या मेमरीत पडलेली. म्हणजे ती फ्रेम तयार होईपर्यंत थांबा, मग तिचा डेटा इकडून तिकडे न्या, मग काम सुरू करा. दोन कार्डं एकाच वेळी राबायच्या ऐवजी एकमेकांची वाट बघत बसतात. काही गेममध्ये दोन कार्डांचा वेग एकापेक्षाही कमी भरतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट आकड्यांत दिसत नाही, डोळ्यांना मात्र जाणवते. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम यायला हवी. दोन कार्डांचा ताल जुळला नाही की एक फ्रेम ८ मिलिसेकंदांत येते आणि पुढची २५ मध्ये, मग परत ८, परत २५. सरासरी काढली तर कोपऱ्यात ६० हाच आकडा दिसतो, पण डोळा त्या २५ मिलिसेकंदांच्या खाचा पकडतो आणि गेम ४० एफपीएसवर चालल्यासारखा वाटतो. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात. २०११ ते २०१३ या काळात परीक्षकांनी सरासरी एफपीएस सोडून एकेका फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली आणि जोड्यांचा हा दोष सगळ्यांसमोर आला. तुमच्या आफ्टरबर्नरच्या आलेखात तो करवतीच्या दातांसारखा दिसेल.

तिसरी गोष्ट माउसची. एका कार्डाला एक फ्रेम काढायला ३३ मिलिसेकंद लागत असतील तर जोडी लावल्यावर पडद्यावर ६० फ्रेम दिसतील खऱ्या, पण प्रत्येक फ्रेम तयार व्हायला तेवढेच ३३ मिलिसेकंद लागतात. बंदुकीचा चाप ओढल्यावर प्रतिसाद ३० एफपीएसचाच मिळतो. स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यासाठी मग अर्थच उरत नाही.

हे सगळं सांभाळायला एनव्हिडिया आणि एएमडीचे अभियंते प्रत्येक मोठ्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल लिहायचे. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन (गेमने ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या नव्या पद्धती) आल्यावर ही जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर गेली. जोडी लावणारे गिऱ्हाईक मुळातच मूठभर. त्यांच्यासाठी कोण महिनोन्महिने काम करणार? तंत्र इथून ओसरत गेलं ते थांबलंच नाही.

तिसरी पायरी: तुमचं कार्ड आणि तुमचे गेम यांची यादी समोर ठेवा

एनव्हिडियाच्या बाजूला जीटीएक्स १० मालिकेपासूनच, म्हणजे २०१६ पासून, आवळायला सुरुवात झाली. जीटीएक्स १०६० ला एसएलआयचा कनेक्टरच नव्हता आणि वरच्या कार्डांनाही गेममध्ये दोनचीच जोडी अधिकृत राहिली. आरटीएक्स २० मालिकेत एनव्हीलिंक नावाचा नवा पूल आला, पण तो २०७० सुपर, २०८०, २०८० सुपर आणि २०८० टीआय यांनाच. ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआय. ४० मालिकेत ४०९० लासुद्धा नाही. आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी १ जानेवारी २०२१ नंतर नवं एसएलआय प्रोफाइल द्यायचं नाही, हेही कंपनीने जाहीर करून टाकलं. त्यामुळे आरटीएक्स ३०६०, ४०६० किंवा ५०६० च्या जोडीला तेच कार्ड आणून गेम वेगाने चालवण्याचा जुन्या पद्धतीचा मार्ग अस्तित्वातच नाही. दोन्ही कार्डं विंडोजमध्ये दिसतील, गेम एकावरच चालेल.

एएमडीने आरएक्स व्हेगा कार्डांपासून, २०१७ मध्ये क्रॉसफायर हे नाव सोडलं आणि २०१९ च्या आरएक्स ५७०० मध्ये तो आधारच काढून टाकला. आरएक्स ४७०, ४८०, ५७०, ५८० ही शेवटची सामान्य माणसाच्या खिशातली कार्डं, ज्यांची जोडी खऱ्या अर्थाने चालायची.

गेमची यादी याहून छोटी. नव्या पद्धतीने स्वतःहून दोन कार्डं वापरू शकणाऱ्या गेममध्ये ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’, ‘राइज ऑफ द टूम रेडर’, ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’, ‘स्नायपर एलिट ४’, ‘स्ट्रेंज ब्रिगेड’, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ अशी नावं येतात. त्यातला सगळ्यात नवा मोठा गेम २०१९-२० च्या आसपासचा आहे. तुम्ही आज जे खेळता किंवा पुढच्या दोन वर्षांत खेळणार आहात, ते कागदावर लिहा आणि या नावांशी ताडून बघा. बहुतेकांचा निर्णय याच पायरीवर होतो.

एक जुनं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. २०१६ च्या उन्हाळ्यात एएमडीने आरएक्स ४८० जाहीर करताना अशी दोन कार्डं एका जीटीएक्स १०८० समोर उभी केली. ५०० डॉलरच्या आतली जोडी आणि समोर ६०० डॉलरच्या वरचं कार्ड. ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’मध्ये जोडीने ६२.५ एफपीएस काढले, १०८० ने ५८.७. आकडे खोटे नव्हते. पण निवडलेला गेम हा दोन कार्डं वापरण्यात सगळ्यात पुढे असलेल्या मोजक्या गेमपैकी एक होता. ज्यांनी त्यावर विसंबून जोडी घेतली, त्यांना पुढच्या काही वर्षांत बहुतेक नवे गेम एकाच आरएक्स ४८० वर खेळावे लागले. ज्याने १०८० घेतलं त्याचं कार्ड प्रत्येक गेममध्ये पूर्ण ताकदीने चालत राहिलं.

चौथी पायरी: मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा

पुढे सांगणार आहे त्या अपवादांसाठी दुसरं कार्ड लावायचं असेल तर ही पायरी टाळू नका. दुसरा स्लॉट लांबीला १६ लेनचा (लेन म्हणजे डेटा जाण्याच्या वाटा) दिसतो, पण आत किती लेन जोडलेल्या आहेत ते वेगळंच असतं. बी४५०, बी५५०, बी७६० अशा परवडणाऱ्या बोर्डांवर दुसऱ्या लांब स्लॉटला सहसा चारच लेन असतात, त्याही प्रोसेसरकडून न येता चिपसेटमार्गे (बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून) येतात. एसएसडी, यूएसबी, नेटवर्क सगळे त्याच वाटेने जातात. दोन्ही स्लॉटना प्रोसेसरकडून आठ-आठ लेन देणारे बोर्ड म्हणजे एक्स५७०, एक्स६७०ई यांसारख्या वरच्या चिपसेटचे, आणि त्यातलेही सगळे नाहीत.

क्रॉसफायरला चार लेन चालायच्या, एसएलआयला किमान आठ लागायच्या आणि बोर्डाला एनव्हिडियाचा परवाना लागायचा. म्हणून स्वस्त बोर्डाच्या खोक्यावर क्रॉसफायरचं नाव दिसतं आणि एसएलआयचं दिसत नाही. त्या छापील नावाला आज काही किंमत नाही.

मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप असते: अमुक एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावल्यास हा स्लॉट बंद होईल किंवा दोन लेनवर चालेल. ती वाचा. कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’ या रकान्यात खरोखर किती लेन मिळाल्यात ते दिसतं. कार्ड आरामात असताना पीसीआय-एक्सप्रेसच्या पिढीचा आकडा खाली येतो, म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून ताण देऊन बघा.

पाचवी पायरी: एसएमपीएस, उष्णता आणि तुमचं यूपीएस

बेरीज सोपी आहे. आरटीएक्स ३०६० चं एक कार्ड १७० वॉट घेतं, दोन म्हणजे ३४०. मधल्या दर्जाचा प्रोसेसर पूर्ण ताणात १००-१४० वॉट. बाकी सगळ्याला ६०-७०. साडेपाचशेच्या घरात गेलो, म्हणजे चांगल्या कंपनीचा ७५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) हवा. आरटीएक्स ३०९० ची जोडी असेल तर फक्त कार्डांचेच ७०० वॉट होतात. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनच्या जोडणीतून ७५, आठ पिनच्या जोडणीतून १५०. पुरेशा केबल एसएमपीएसमधूनच यायला हव्यात. मोलेक्सला (जुन्या चार पिनच्या जोडणीला) अडॅप्टर लावून मोठ्या कार्डाला वीज देऊ नका, ते जळतात.

आपल्याकडे यात यूपीएसचा मुद्दाही येतो. घरोघरी असतं ते ६०० व्हीएचं यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतं. दोन कार्डांवर गेम चालू असताना लाइट गेली तर ते मशिन सावरण्याऐवजी जागच्या जागी बंद पडेल. बिलही बघा. जादा १७० वॉट, रोज चार तास, महिनाभर, म्हणजे सुमारे २० युनिट जास्त.

उष्णतेचं म्हणाल तर वरचं कार्ड खालच्याने ओकलेली गरम हवा ओढतं. दोन्हींमध्ये किमान एका स्लॉटची मोकळी जागा हवी, आणि आजची अडीच-तीन स्लॉट जाडीची कार्डं पाहता ती बहुतेक कॅबिनेटमध्ये उरत नाही. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास पोचली की वेग कमी करू लागतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी नसलेल्या खोलीत दोन कार्डं तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. मग दोन कार्डांचे पैसे भरून दोन्ही मंदावलेली वापरायची, असं होतं.

सहावी पायरी: पैशांचा हिशेब मांडा

एका बाजूला लिहा: दुसऱ्या कार्डाची किंमत, मोठा एसएमपीएस, लागल्यास कॅबिनेटचे पंखे, लागल्यास दुसरा मदरबोर्ड. दुसऱ्या बाजूला: नव्या एकाच कार्डाची किंमत, त्यातून तुमच्या सध्याच्या कार्डाची विक्री वजा. समजा तुमचं कार्ड सेकंडहँड बाजारात १२ हजारांना जातं. तसंच दुसरं घ्यायलाही तेवढेच लागतील, वर एसएमपीएसचे सहा-सात हजार. हेच १८-१९ हजार आणि विक्रीचे १२ हजार एकत्र केले तर ३० हजारांच्या वर्गातलं कार्ड हातात येतं. त्याला जास्त व्हीरॅम असते, नवं अपस्केलिंग असतं, वॉरंटी असते आणि ते प्रत्येक गेममध्ये चालतं.

नवं घेण्याइतकं बजेट नसेल तर सेकंडहँड पण एकच मोठं कार्ड घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करा, ऑनलाइनही भरपूर मिळतात. पण चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं तेव्हा दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली, ती आजही हातोहात फिरतात. १५-२० मिनिटं युनिजिन सुपरपोझिशनसारखी चाचणी लावा. पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का ते बघा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला भाग) आणि मेमरीचं तापमान बघा. पंखा हाताने हलका फिरवून तो घासतोय का ते बघा. कार्डावरचा सीरियल नंबर पावतीशी जुळतो का तेही. विकणारा चाचणीला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

सातवी पायरी: जुनं कार्ड घरात पडून असेल तर हे करून बघा

आता तो कामाचा अपवाद. स्टीमवर ‘लॉसलेस स्केलिंग’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतं. कुठल्याही गेमच्या दोन खऱ्या फ्रेमांमध्ये ते एक किंवा अधिक फ्रेम तयार करून घालतं. एकाच कार्डावर चालवलं तर या कामाचा भार गेमवर पडतो आणि मूळ एफपीएस घसरतात. दुसरं कार्ड असेल तर गेम मोठ्या कार्डावर आणि जादा फ्रेमांचं काम लहान कार्डावर, अशी स्वच्छ वाटणी होते. इथे दोन कार्डांनी ताल जुळवायची गरज नाही, ती एकाच मॉडेलची असायची गरज नाही. एक एनव्हिडियाचं आणि एक एएमडीचं असलं तरी चालतं. गेमला तर दुसऱ्या कार्डाचा पत्ताही नसतो.

जोडणी अशी करा. मोठं कार्ड वरच्या, १६ लेनच्या स्लॉटमध्ये. लहान खालच्या स्लॉटमध्ये. मॉनिटरची केबल लहान कार्डाला लावा. उलट वाटेल, पण कारण सरळ आहे. तयार झालेली फ्रेम एकदा मोठ्या कार्डाकडून लहानकडे जाते आणि तिथूनच पडद्यावर. केबल मोठ्या कार्डाला ठेवली तर सगळ्या फ्रेमांना परतीचा प्रवास घडतो आणि फायदा निघून जातो. लहान कार्डाचं डिस्प्ले पोर्ट तुमच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट देऊ शकतं का, हे आधी बघा.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जा. नव्या आवृत्तीत डीफॉल्ट हाय परफॉर्मन्स जीपीयू निवडता येतो, तिथे मोठं कार्ड निवडा. गेम सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये खरोखर मोठंच कार्ड राबतंय ना ते तपासा. लॉसलेस स्केलिंगमध्ये ‘प्रेफर्ड जीपीयू’ म्हणून लहान कार्ड निवडा, फ्रेम जनरेशन एलएसएफजी ३, मल्टिप्लायर २. गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये चालवा आणि कंट्रोल-ऑल्ट-एस दाबा. गेमचे मूळ एफपीएस लहान कार्डाला झेपतील अशा स्थिर आकड्यावर, म्हणजे ६० किंवा ७२ वर, बांधून टाका. ३० वरून ६० करायला जाऊ नका. तिथे कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि माउस जड होतो.

चार लेन पुरतील का, हा प्रश्न गणितानेच सुटतो. १४४० रिझोल्यूशनची एक फ्रेम साधारण १४.७ एमबी, सेकंदाला ६० खऱ्या फ्रेम म्हणजे ०.९ जीबी. पीसीआय-एक्सप्रेस ३.० च्या चार लेन सेकंदाला ३.९ जीबीच्या आसपास नेतात, म्हणजे आरामात. ४के ची फ्रेम ३३ एमबीची. ६० फ्रेमना २ जीबी चालून जातात. १२० खऱ्या फ्रेम पाठवायच्या म्हटल्या तर ४ जीबी होतात आणि रस्ता तुंबतो. लहान कार्ड म्हणून १०८० रिझोल्यूशनला जीटीएक्स १६५० सारखं चालतं, १४४० आणि ४के साठी आरएक्स ६६०० किंवा त्याच्या तोडीचं बरं.

तरीही सांगतो, यासाठी मुद्दाम दुसरं कार्ड विकत घेण्याआधी गेममध्येच एफएसआर किंवा डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन आहे का बघा. ते गेमच्या आतली माहिती वापरतं म्हणून चित्र जास्त नीट राहतं. शिवाय तयार केलेल्या फ्रेमांनी चित्र सुरळीत दिसतं, प्रतिसाद वेगवान होत नाही. एकट्याने खेळायच्या कथानकाच्या गेमना हे छान, नेमबाजीच्या स्पर्धेला नाही.

फिजएक्स आणि गेमबाहेरची कामं

आरटीएक्स ५० मालिकेत एनव्हिडियाने ३२-बिट कुडाचा (कार्डावर इतर हिशेब चालवण्याच्या तंत्राचा) आधार काढला आणि ‘मिरर्स एज’, ‘बॉर्डरलँड्स २’, ‘मेट्रो २०३३’ यांसारख्या जुन्या गेममधलं फिजएक्स (धूर, कापड, तुकडे यांच्या हालचालींचा हिशेब) प्रोसेसरवर जाऊन रखडू लागलं. २०२५ च्या डिसेंबरमध्ये निवडक गेमसाठी ते परत दिलं गेलं. तुमचा गेम त्यात नसेल तर लहान एनव्हिडिया कार्ड लावून कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्ससाठी ते निवडणं हा चालणारा उपाय आहे. मात्र दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर चालायला हवा. जीटीएक्स १०५० टीआय किंवा ७५० टीआय नव्या ड्रायव्हरमधून बाहेर पडली आहेत, म्हणून किमान जीटीएक्स १६५० घ्या.

ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सने रेंडर (अंतिम चित्र तयार) करणाऱ्यांना दुसरं कार्ड खरोखर जवळजवळ दुप्पट वेग देतं, कारण तिथे काम निर्धास्त वाटता येतं. घरच्या मशिनवर भाषेची एआय मॉडेलं चालवणाऱ्यांसाठी तर १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० ची जोडी मस्त पडते. लामा-सीपीपी सारखं सॉफ्टवेअर मॉडेलचे थर दोन कार्डांवर वाटतं आणि एकात न मावणारं मॉडेल दोघांत मावतं. दिवसा असं काम आणि रात्री गेम असा तुमचा बेत असेल तर जोडी घ्या. गेम एका कार्डावर चालेल हे धरूनच घ्या. स्ट्रीमिंगसाठी मात्र वेगळं कार्ड नको. एन्कोडर (व्हिडिओ बनवणारा भाग) आजच्या बहुतेक कार्डात स्वतंत्रच असतो.

आधीपासूनच जोडी असेल तर

जीटीएक्स १०८० टीआय किंवा आरएक्स ५८० ची चालती जोडी असेल तर ती लगेच मोडायची घाई नाही. २०१२ ते २०१८ मधले आवडते गेम तिच्यावर अजूनही सुरेख चालतात. आपल्या गेमना जमणारा ड्रायव्हर सापडला की तो जपून ठेवा, प्रत्येक नव्या आवृत्तीच्या मागे लागू नका. कंट्रोल पॅनेलमध्ये एकेका गेमसाठी जोडी चालू-बंद ठेवता येते. नव्या गेममध्ये पडदा लुकलुकला, सावल्या नाचल्या किंवा फ्रेमटाइमचा आलेख करवती झाला तर त्या गेमपुरती ती बंद करा. आणि सहा महिने जोडी बंदच ठेवावी लागतेय असं दिसलं, तर खालचं कार्ड काढून धाकट्या भावंडाच्या पीसीत बसवा किंवा भाव आहे तोवर विकून टाका. ते निघालं की वरच्या कार्डाचं तापमानही उतरेल आणि ते जास्त वेगाने चालेल.